मधल्या खोलीतली टपालबाई

गल्लीत त्या म्हातारीला सगळे टपालबाई म्हणत. कारण उघड होतं. पुढच्या खोलीत तिचा थोरला मुलगा लाकूड कापायचा, मागच्या खोलीत धाकटा पॉलिश मारायचा, दोघांत बोलणं बंद, आणि मधे ही निरोप पोचवायला. भांडण कशावरून झालं ते आता त्यांनाही धड आठवत नसेल, पण हट्ट सुटेल तर शपथ! एकाच आईची लेकरं ना.

बरं, ऐकलं तसंच पोचवेल ती आई कसली? थोरला ओरडायचा, "त्या गाढवाला सांग, दार पुन्हा घास!" म्हातारी मागे जाऊन म्हणायची, "दादा म्हणतो, काम झकास झालंय, फक्त एक हात अजून मार." धाकटा फणकारायचा, "लाकूड ओलं देतो आणि वर तोरा!" ती पुढे येऊन सांगायची, "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतो. लाकूड तेवढं वाळू दे म्हणाला." अशीच कपाटं झाली, पलंग झाले, घर चाललं.

मग तिचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ आहे, काढावी लागेल, आवाज जाईल. मरणाला ती भीत नव्हती हो! पण आपण मुकं झालो की ही दोघं एकमेकांची डोकी फोडतील, या विचाराने रात्री तिचा डोळा लागायचा नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने दोघांना समोरासमोर बसवलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बोला. माझ्यादेखत."

आधी थोरल्यालाच गहिवरून आलं. "माझी पोर तापाने फणफणली होती, तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. ते मी विसरलो नाही रे."

"मी?" धाकटा गोंधळला. "मला तर ती आजारी होती हेच नंतर कळलं. पण माझ्या लग्नाला आला नाहीस, तरी घरी बसून रडत होतास ना?"

"कोण रडलं?"

एकेक करत सगळं बाहेर आलं. दोघं आधी एकमेकांकडे आणि मग आईकडे बघायला लागले.

"म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला खेळवलंस?" थोरला म्हणाला. धाकट्याने मान डोलावली. कित्येक वर्षांनी दोघांचं एकमत झालं, आणि तेही कशावर, बघा!

"खेळवलं नाही रे, सांभाळलं," ती म्हणाली. तोवर दोघं उठून बाहेर गेले होते, बरोबरच.

ऑपरेशन झालं. औषधपाण्यात दोघांनी काही कमी केलं नाही, फक्त तिच्या तोंडाकडे बघणं सोडलं. आता ते एकाच खोलीत काम करतात, चहा पितात, एकमेकांची टर उडवतात. शांतता हवी होती ना तिला? झाली.

एकदा धाकटा काहीतरी बोलला आणि थोरला पोट धरून हसला, लहानपणी हसायचा तसा. म्हातारी लगबगीने दाराशी आली. दोघंही गप्प झाले आणि खाली मान घालून कामाला लागले. ती जराशी थांबली, मागे फिरली आणि तिने मधल्या खोलीचं दार आपल्या हाताने लावून घेतलं. थोड्या वेळाने पलीकडे हसणं पुन्हा सुरू झालं. दाराला कान लावून ती ऐकत राहिली. तिला फार बरं वाटलं, आणि ती ढसाढसा रडली. पलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही.