कानात सांगितलेले जन्मनाव

बिबवेवाडीतील आपल्या सदनिकेत गोदाबाई देवांना फुले वाहत असताना फोन वाजला. क्रमांक अनोळखी होता.

"आत्या, मी तेजस. माझा फोन हरवला गं, मित्राच्या फोनवरून बोलतोय. घसाही बसलाय. ऐक, तुझ्या पेन्शनची पडताळणी आजच व्हायला हवी, नाहीतर खातं बंद होईल. आधार कार्डाचा फोटो पाठव, आणि आता ओटीपी येईल तो मला सांग."

त्या निवृत्तिवेतनावरच गोदाबाईंचा एकटीचा संसार चालत असे. तेजस हा त्यांच्या धाकट्या भावाचा, उत्तरेश्वराचा मुलगा. त्यांची बँकेची कामे तोच पाही. त्यांचा हात चष्म्याकडे गेलाही. पण वडिलांची एक शिकवण आडवी आली. नक्षत्रावरून ठेवलेले जन्मनाव चारचौघांत उच्चारू नये, कारण ते ज्याच्या हाती पडते त्याची त्या माणसावर सत्ता चालते, असे ते सांगत. बारशाच्या दिवशी तेजसच्या कानात ते नाव गोदाबाईंनीच सांगितले होते.

"आधी तुझं जन्मनाव सांग."

"वामन," उत्तर तत्काळ आले. "रोहिणी नक्षत्र, द्वितीय चरण. आता बसला ना विश्वास?"

उत्तर अचूक होते.

"बाळा," गोदाबाई शांतपणे म्हणाल्या, "तू फार अभ्यास करून आलास. आमचा तेजस एवढा अभ्यासू कधीच नव्हता."

फोन ठेवून त्यांनी तेजसचा नेहमीचा क्रमांक लावला. तो येरवड्याला कचेरीत होता.

"तेजस, तुझं जन्मनाव काय रे?"

"आत्या, मीटिंगमध्ये आहे गं! वसंत? नाही, वासुदेव? दर पूजेला तूच तर सांगतेस."

गोदाबाईंचे डोळे भरून आले. संकल्पाच्या वेळी गुरुजी जन्मनाव विचारीत, आणि दर खेपेस हा मुलगा गोंधळून आत्याकडे पाही. त्याचे नाव चोरता आले होते; त्याचे विस्मरण मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

वृत्त कळताच उत्तरेश्वर खडकीहून आले. त्यांनी प्रथम त्या क्रमांकाची पोलिसांत तक्रार नोंदवली, मग कपाळाला हात लावून बसले.

"पण अक्का, त्या भामट्याला हे सारं कळलं कुठून?"

"तेजसची पत्रिका कुठे कुठे पाठवलीस?"

"स्थळं यावीत म्हणून... विवाहमंडळांच्या सगळ्या ग्रुपांवर."

"नक्षत्र, चरण, जन्मनावासकट?"

"पत्रिकाच ती! आणि संपर्कासाठी 'आत्या, सेवानिवृत्त' असं लिहून तुझं नाव नि नंबर दिला. तुला वेळ असतो म्हणून."

"वा! निमंत्रण तुझं, पत्ता माझा."

उत्तरेश्वर खाली मान घालून एकेका ग्रुपवरील पत्रिका पुसू लागले. गोदाबाई खिन्नपणे पाहत राहिल्या. पूर्वी पत्रिका हातातून हातात जाई. देणाऱ्याने घेणाऱ्याचे घर पाहिलेले असे. आता ती कोणाकोणाच्या हाती आहे, हे देवालाच ठाऊक. उच्चारलेले नाव परत मुखात येत नाही.

रविवारी तेजस आला. गोदाबाईंनी त्याला देवापुढे बसवले, बारशाला केले होते तसेच त्याच्या कानाशी "कुर्रर्र" केले आणि काहीतरी पुटपुटल्या. तेजस हसला.

"हे मात्र लक्षात ठेव हो," त्या म्हणाल्या. "यापुढे फोनवर हेच विचारीन."

"काय नाव ठेवलंस, अक्का?" उत्तरेश्वरांनी कौतुकाने विचारले.

"तुला सांगू? म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपांवर!"