दाढ दुखायची थांबली तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे. बैठकीतली नव्हे, दातांच्या दवाखान्यातली. माझं आकाशी रेक्झिन दोन ठिकाणी उसवलंय आणि मान टेकायची उशी एका बाजूला कलते. मित्रांनो, माझं नाव काढलं तरी तुमच्यातले बरेच जण तोंड घट्ट मिटून घेतात, हे मला ठाऊक आहे. तरीही आज थोडा वेळ माझ्याजवळ थांबा.

गुजरातेतल्या एका कारखान्यात माझा लोखंडी सांगाडा तयार झाला. पोटात मोटार बसली, पायाशी बटणं आली. थर्माकोलमध्ये गुंडाळून मला ट्रकनं जामनेरला आणलं. डॉक्टर चारुलता यांनी नुकताच दवाखाना थाटला होता. पहिल्या दिवशी कुणीच पेशंट आला नाही, तेव्हा त्या स्वतःच माझ्यावर बसल्या, बटण दाबून वर-खाली झाल्या आणि एकट्याच हसल्या.

पुढे गर्दी वाढली. कापसाचे व्यापारी आले, शाळामास्तर आले, मिश्रीनं दात काळे झालेल्या बाया आल्या. पण बहुतेक जण यायचे ते झोप उडाल्यावरच. लहान मुलांना तर त्याहून उशिरा आणायचे. "दुधाचे दात आहेत, पडतीलच," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते म्हणणाऱ्यांचे चेहरे आता आठवत नाहीत. एकच चेहरा आठवतो.

पहूरचा प्रेमराज टेम्पो चालवायचा. त्याची बायको सुलक्षणा. एका दुपारी ही दोघं सहा वर्षांच्या दिपमालाला घेऊन आली. तिचा उजवा गाल सुजला होता. खालची दाढ किडून पोखरली होती आणि मुळाशी पू झाला होता. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तरीसुद्धा मी वर गेले तशी ती दुखणं विसरून म्हणाली, "आनखी वर!" डॉक्टरांनी तिला तीनदा वर नेलं, तीनदा खाली आणलं, आणि मगच आ करायला सांगितलं.

त्यांनी दाढ उघडून पू वाहू दिला आणि पाच दिवसांची औषधं लिहून दिली.

"चार दिवसांनी नक्की आणा," त्या म्हणाल्या. "काम अर्धंच झालंय."

सुलक्षणा संकोचून म्हणाली, "मॅडम, दुधाचीच दाढ ना? पडनारच हाये. मंग तिच्यासाठी कायले इतकं?"

"ही दाढ पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. आणि पू दुधाचा दात ओळखत नाही, ताई. दुखायचं थांबलं तरी आणा."

सुलक्षणानं मान हलवली. औषधं आणि तारीख लिहिलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला.

घरी काय झालं ते मी नंतर ऐकलं. दुखणं दुसऱ्याच दिवशी थांबलं. दिपमाला भाकरी खाऊ लागली, अंगणात खेळू लागली. औषधाच्या गोळ्या अर्ध्या उरल्या. चौथा दिवस आला, तो रावेरला सुलक्षणाच्या भावाच्या हळदीचा होता. पोरगी तर बरी होती. सगळे रावेरला गेले.

इकडे डॉक्टरांनी वहीत तिचं नाव पाहिलं होतं. फोन करावा असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण त्या दिवशी बाहेर बाकावर माणसं मावत नव्हती, आणि तो फोन राहून गेला.

रावेरला लग्नघरात गाल पुन्हा सुजला. कुणी म्हणालं, वारं लागलं असेल. कुणी मिठाची गरम पुरचुंडी करून शेक दिला. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. लग्नाचं घर, पाहुण्यांचा गोंधळ, आणि दिपमालाही फारशी रडली नाही. नवा परकर घालून ती मामाच्या मांडीवर बसून राहिली.

सूज आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमराजनं तिला उचलूनच दवाखान्यात आणलं. मित्रांनो, त्या वेळी तिची हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. तोंड उघडत नव्हतं. लाळ गिळता येत नव्हती, ती परकरावर गळत होती. प्रेमराज तिला माझ्यावर आडवं करू लागला.

"आडवं नका करू!" डॉक्टर ओरडल्या. "बसूनच ठेवा. तिचा श्वास कोंडेल."

आयुष्यभर मी माणसांना आडवं केलं. त्या सकाळी मी ताठ उभी राहिले आणि ते पोर माझ्या पाठीला टेकून घरघर श्वास घेत राहिलं. दिपमाला बोलायचा प्रयत्न करत होती, पण शब्द कळत नव्हते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि बाकीचे पेशंट तसेच सोडून तिच्यासोबत जळगावला गेल्या.

त्या परतल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दवाखान्याचं शटर अर्धंच उघडलं, आत आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या घरून फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही वाचली."

त्यानंतर डॉक्टर बदलल्या. दुपारी दवाखाना बंद ठेवून गावोगावच्या शाळांत जाऊ लागल्या, टॉर्च घेऊन मुलांचे दात बघू लागल्या. आणि ठरलेली तारीख चुकवणाऱ्या प्रत्येक पेशंटला त्याच दिवशी फोन. मी तासन्‌तास रिकामी असायचे. माझी मोटार कुरकुरू लागली, कुणी तेल घातलं नाही.

दीड वर्षानं सुलक्षणा आली. बरोबर प्रेमराज आणि चार वर्षांची मोहिनी, धाकटी. तिला काहीच दुखत नव्हतं. "तरी बघा," प्रेमराज म्हणाला. डॉक्टरांनी किडायला लागलेले दोन दात वेळीच भरले.

मग त्यांचं लक्ष सुलक्षणाकडे गेलं. ती दारापाशीच उभी होती, गालावर पदर धरून.

"ताई, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही."

"बसा बरं इथं."

ती जागची हलेना. शेवटी डॉक्टरांनी हात धरून तिला माझ्यावर बसवलं. पदर काढला, तर जबडा सुजलेला. आतली दाढ कधीचीच कामातून गेली होती.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"सात महिने झाले असतील."

"सात महिने! कसं सोसलंत? एखादी गोळी तरी..."

सुलक्षणा छताकडे बघत म्हणाली, "माह्या पोरीनं सोसलं, मॅडम. कागद माह्याच पिशवीत होता. मंग मले गोळी खायचा काय हक हाये?"

प्रेमराज बाकावरून उठला. "अन मले एका शब्दानं सांगाचं नाही?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. त्या हळूच म्हणाल्या, "फोन मीही केला नव्हता, ताई. तो दिवस मला रोज आठवतो. पण तुम्ही असं जळत राहिलात तर मोहिनीकडे कोण बघणार?"

सुलक्षणानं मान माझ्या उशीला टेकवली. मग तिनं आपणहून तोंड उघडलं. दाढ निघाली. 

आता दवाखान्यात नवी खुर्ची आली आहे. मी मागच्या खोलीत उभी आहे, अंगावर प्लॅस्टिक आहे, आणि लवकरच भंगारवाला येणार असं ऐकते. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझं लोखंड कुठेतरी कामी येईल.

मित्रांनो, मागणं एकच. रात्रीचं जेवण झालं की दात घासून झोपा, आणि घरातल्या धाकट्यांचेही घासून द्या. काम अर्धं राहिलं असेल तर दुखणं थांबलं म्हणून घरी बसू नका. आणि तुमची आई जेवताना एकाच बाजूनं चावत असेल, तर तिला विचारा. ती म्हणेल, काही नाही.

पुन्हा विचारा.