मी भुतांचे फोटो काढत नाही

मित्रांनो, नाक मुरडू नका. पिंप्राळ्याच्या भंगारवाल्याकडे मधोमध भलेमोठे भोक असलेले जे धूड दिसते ना, ते मी, जुनी सीटी स्कॅन मशीन. परदेशाने टाकून दिली म्हणून जळगावच्या एका दवाखान्यात आले. पण काय थाट होता माझा! मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नुसता पंखा आणि माझ्या खोलीत एसी. अपघातात फुटलेली डोकी मी आतून दाखवी, लोक मला हात जोडत.

तिथल्या डॉक्टरीणबाई एक संशोधन करत. काही मुलांचे मन महिनाभर उधाणलेले असते, मग तितकेच खोल बसते. अशा मुलांच्या मेंदूची चित्रे त्या निरोगी मुलांच्या चित्रांशी ताडून बघत.

त्यासाठी एक दिवस भडगावची मंदा आली. आठवीतली पोर. कधी झोपेविना दिवसेंदिवस बडबडे, कधी भाकरीकडेही बघत नसे. तिचे काका हिलालनाना तिची शाळा सोडवून तिला भगताकडे ठेवणार होते. तो साखळीने बांधतो, हे गावाला ठाऊक होते. आई सुमनबाईने हट्टाने आधी इथे आणले.

"अंगावरचे धातूचे सगळे काढा," असे सांगितल्यावर सुमनबाईने मंदाच्या गळ्यातला तांब्याचा ताईत काढला. पण पोर ताईताविना कशी ठेवायची? तिने तो गुपचूप वेणीत गुंफला.

चित्र आले, तर डोक्यातून पांढरे फराटे निघालेले!

"दखा, दखा! भूत फोटोमा उनं!" नाना ओरडले.

असा राग आला मला! मी हाडे दाखवते, साकळलेले रक्त दाखवते. भुतांचे फोटो काढत नाही! धातू आत राहिला की असे फराटे पडतात, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होते. त्यांनी वेणी सोडवली, ताईत बाजूला ठेवला, पुन्हा चित्र काढले. एकदम स्वच्छ.

नाना लगेच पलटले, आता सगळे तिचे नाटक ठरले. "मंग तिले काही व्हयेल नही. बठ्ठा नखरा शे. भगतच सरळ करी."

"नाना, एका फोटोवरून हा आजार ठरत नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळ मुलांचे फोटो एकत्र मांडले तर कुठे बारीक फरक दिसेल, तोही आम्ही अजून शोधतोय. हिचा आजार मी हिच्याशी बोलून ओळखलाय. त्यावर औषध आहे."

मंदा माझ्या फळीवर उठून बसली. "फोटोमा दिसत नही म्हनीसन मन्हं दुखनं खोटं शे का? मी औषध घिसू. शाळामा जासू. भगतकडे जानार नही!"

सुमनबाईने ताईत उचलून नानांच्या हातावर ठेवला. "हाऊ तुम्हीच बांधा, नाना. पोर मन्ही शे." पोर तिची, निर्णयही तिचाच.

मंदा औषधे घेत राहिली, मधूनमधून पडली, पुन्हा उभी राहिली. मॅट्रिक झाली तेव्हा माझ्यासमोर पेढे वाटून गेली. पुढे नवी मशीन आली आणि मी इथे.

मित्रांनो, मला खुशाल वितळवा. पण तुमच्या बाकावर एखादी मंदा बसत असेल, तर तिचे ऐका, तिला वेडी म्हणू नका. आणि फोटो स्वच्छ आला म्हणून तिला कुणी खोटी ठरवू लागले, तर त्यात माझी साक्ष काढू नका. मी ती देणार नाही.