चौदाव्या भागातला वण

‘सातवं बेट’ ही मालिका एकविसाव्या भागावर बंद पडली, तेव्हा कप्तानाचं गलबत सहाव्या बेटावरून नुकतंच सुटलं होतं. सातवं बेट काही कुणाच्या नजरेला पडलं नाही. ते कुठं आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं, अशी वहीताईंना पहिल्यापासून शंका होती.

वहीताई हे त्यांना सेटवर पडलेलं नाव. त्या कंटिन्यूइटी सांभाळायच्या. म्हणजे आज कप्तानाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली असेल, तर चार दिवसांनी त्याच प्रसंगाचा उरलेला तुकडा घेताना ती तेवढीच दुमडलेली हवी, हे बघायचं. कंदील कुठल्या हातात, दोर किती ओला, होडी पडद्यावर कुठून कुठं चाललीय, सगळं वहीत. वही चोवीस तास काखेत, म्हणून वहीताई.

चव्वेचाळीस वर्षांनी त्या वह्या मागायला चित्रसंग्रहालयातली मुलगी आली होती. चारही वह्या मांडीवर घेऊन ती जमिनीवरच बसली. चहा बाजूला निवत होता.

“ताई, माझे बाबा म्हणतात अशी मालिका परत झाली नाही. मला तर तो रबरी अष्टपाद बघून हसू आवरेना. खरं काय मानायचं?”

“दोन्ही मान. अष्टपादाचं तर बोलूच नकोस. आठ पाय करायला रबर पुरलं नाही, सहावर भागवलं. बेटं सहा दाखवली, पण खडक सगळीकडे तेच तीन, नुसते फिरवून ठेवायचो. बायका एक तर पळवून नेल्या जायच्या, नाहीतर किनाऱ्यावर उभ्या राहून हात हलवायच्या. आणि पाचवा भाग! सुरुवातीला कप्तान नकाशा उघडतो, भाग संपला तरी नकाशाच बघतोय.”

मुलगी खो खो हसली.

“पण आमचा कप्तान घाबरायचा,” वहीताई म्हणाल्या. “तेव्हाचे नायक घाबरायचे नाहीत गं. हा घाबरायचा आणि तरी जायचा. शत्रूलासुद्धा त्याची बाजू मांडू द्यायचे. बघणाऱ्याला अक्कल आहे असं धरून लिहिलेलं होतं ते. मग वाहिनीनं तीनदा वार बदलला. लोकांना मालिका सापडेना, आणि वाहिनी म्हणते कुणी बघत नाही. केली बंद.”

“रविवारी दुपारी चौदावा भाग दाखवतोय आम्ही, धुऊनपुसून लख्ख केलेला. नंतर गप्पा. वणवाले मामाही येणारेत!”

वहीताईंचा हात तिसऱ्या वहीवर गेला.

मामा म्हणजे मेकअपवाले. सेटवरचे झाडून सगळे त्यांना मामाच म्हणायचे. कप्तानाच्या डाव्या गालावर तलवारीचा लांब वण होता, तो रोज सकाळी मामा रंगवायचे. चौदाव्या भागात कप्तान एकटा होडी घेऊन वादळात शिरतो, तेव्हा तो वण अर्ध्या मिनिटापुरता उजव्या गालावर जातो. पोतंभर पत्रं आली होती. निर्मात्यानं सगळ्यांसमोर मामांना झाडलं. मालिका बंद पडली, कप्तानाचं नावही लोक विसरले, पण वण कुणी विसरलं नाही. मामांना मात्र मोठ्या स्टुडिओत पुन्हा कुणी बोलावलं नाही.

आणि मामांची चूक नव्हतीच. त्या प्रसंगात होडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालली होती. कप्तानाचा जवळून शॉट घेतला दुसऱ्या दिवशी. कॅमेरामननं दिशा विचारली, वहीताईंनी वहीतली भलतीच ओळ वाचली आणि उलटी सांगितली. एडिटर जोडायला बसला, तर कप्तान वादळाला पाठ दाखवून घरी निघालेला! तो म्हणाला, “फिल्म आरशातल्यासारखी उलटी लावतो, कुणाच्या बापाला कळणार नाही.” फिल्म उलटली, तसा गालही उलटला, हे दोघांच्याही ध्यानात आलं ते पत्रं आल्यावर. निर्माता मामांवर ओरडत होता तेव्हा वहीताई चार हातांवर उभ्या होत्या, तोंडात मिठाची गुळणी धरून. संध्याकाळी तिसऱ्या वहीत मात्र त्यांनी सगळं खरं लिहिलं. एडिटर आता हयात नव्हता.

म्हणजे ही मुलगी तिसरी वही चाळणार, आणि जी गोष्ट वहीताईंनी सांगायची ती मामांना परक्याच्या तोंडून कळणार.

“तिसरी राहू दे दोन दिवस,” त्या म्हणाल्या. “आधी एका माणसाला दाखवायचीय.”

दुसऱ्या दिवशी त्या मामांकडे गेल्या. मामांनी घरातल्याच पुढच्या खोलीत मेकअपचा वर्ग चालवला होता. भिंतभर आरसे, समोर उंच स्टुलं, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. विद्यार्थिनी नुकत्याच गेल्या होत्या.

“ये, वहीताई! अजून आहेस तू?”

“तुम्ही ब्याऐंशीचे. आधी तुमचा नंबर.”

“लावलाय नंबर, पण रविवारनंतरचा. भाषण आहे माझं. ऐक हां. म्हणतो, ‘त्या दिवशी मी कप्तानाला आरशात बघून रंगवलं, म्हणून वण पलीकडे गेला!’ पोरी लोळतात हसून.”

वहीताईंनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. मामांनी चष्मा लावला. पान दोनदा वाचलं.

“म्हणजे माझा हात चुकला नव्हता.”

“नाही.”

“मला ताप होता त्या दिवशी. वाटलं, तापात झालं असेल.” त्यांनी वही मिटली. “आजही ब्रश उचलला की आधी समोरच्याचा डावा हात कुठला ते बघतो मी. वेड्यासारखा. पोरींना वाटतं ही सरांची पद्धत. त्याही तशाच करतात.”

“तेव्हाच बोलायला हवं होतं मी.”

“हवंच होतं,” मामा म्हणाले. समजूत घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत. “आणि आता सांगून काय केलंस, कळतंय का? लोक बोलावतात ते वणासाठी. तो घोळ माझा नाही म्हटल्यावर मी तिथं कोण? दुसऱ्या कुठल्या मालिकेतला एक तरी मेकअपवाला आठवतो का कुणाला?”

“तुम्ही नको म्हणालात तर वही देत नाही मी.”

“असं सगळं माझ्या गळ्यात मारू नकोस.” ते उठून ब्रश गोळा करायला लागले. “तो भाग मी बघितलेलाच नाही. एवढी बोलणी खाल्ल्यावर बघवेना. रविवारी बघतो आणि काय ते ठरवतो. जा आता.”

रविवारी छोटं सभागृह भरलं होतं. बहुतेक डोकी पांढरी. वहीताई मामांच्या मागच्या रांगेत बसल्या. वादळाचा प्रसंग आला, वण उजव्या गालावर गेला आणि सगळं सभागृह टाळ्या पिटून ओरडलं, जसं काही जुनं माणूस दारात उभं राहिलं. मामा पुढं वाकून बघत होते. त्यांचं डोकं जरासुद्धा हललं नाही.

दिवे लागल्यावर मुलीनं त्यांच्या हातात माईक दिला. “मामा, सांगा की! वण पळाला कसा?”

मामांनी माईक तोंडाजवळ नेला. “कोटाच्या गुंड्या बघितल्या का कुणी? त्याही पलीकडे गेल्यात. गुंड्या काही मी लावत नव्हतो.”

लोक हसले.

“अहो, खरंच सांगतोय. ती फिल्मच उलटी आहे.”

आणखी जोरात हसले. कुणीतरी शिट्टी मारली. मामांनी माईक खाली घेतला. मागं वळून त्यांनी वहीताईंकडे बघितलंही नाही. एवढ्या वर्षांत तेच पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि त्यावरही हसूच मिळालं होतं.

वहीताई उठल्या. गुडघ्यानं कुरकुर केली, तरी उठल्या.

“हसू नका,” त्या म्हणाल्या. माईक नव्हता, पण आवाज पोचला. “मामा खरं सांगतायत. चूक माझी होती.” आणि त्यांनी भलती ओळ, उलटी दिशा, उलटी फिल्म, सगळं सांगितलं. निर्माता ओरडत असताना आपण कुठं उभ्या होतो, तेही सांगितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पुढच्या रांगेतले एक टक्कल पडलेले गृहस्थ हिरमुसून म्हणाले, “म्हणजे आम्ही इतकी वर्षं मामांना उगाच हसलो?”

“उगाच,” वहीताई म्हणाल्या. “माझ्यामुळे.”

“आता पुढची चाळीस वर्षं हिला हसा,” मामा माईकमध्ये म्हणाले. “मला कंटाळा आलाय.” सभागृह सैल झालं. मग ते मुलीकडे वळले. “पोरी, तेवढा तुकडा परत लाव बघू.”

पुन्हा अंधार. पुन्हा होडी. या वेळी टाळी पडली नाही. गालाकडे बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून बहुधा सगळ्यांच्या नजरा खाली घसरल्या. सुकाणूवरचे कप्तानाचे हात थरथरत होते. एक हात दुसऱ्याला दाबून धरायला बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. संगीत नाही, संवाद नाही. कप्तान एकदा मागं वळून बघतो, आवंढा गिळतो, आणि होडी लाटेत घालतो. वहीताईंनी तो शॉट शेकडो वेळा पाहिला होता, पण दर वेळी फक्त गाल पाहिला होता.

“काय काम केलंय रे त्यानं,” मामा हळूच म्हणाले.

तुकडा संपला. दिवे लावायला मुलगी उठली, तेवढ्यात ते टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, “थांबा हो. अजून एकदा लावा.”