ओडेसाच्या श्वासाच्या जागा

लुशस फेअर्लीने टेबलावरच्या नव्या कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले, देवाचं नाव घेतलं, पट्ट्या दाबल्या आणि काहीच वाजलं नाही.

"मेलेला दिसतोय," तो म्हणाला.

"डॅडी, त्याला स्वतःचा आवाज नसतोच," ट्वायला टेबलाखालून बोलली. केबल कॉम्प्युटरला जोडायला ती गुडघ्यांवर वाकली होती. "तो फक्त कॉम्प्युटरला सांगतो. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, कधी सोडली. आवाज कॉम्प्युटर काढतो."

"म्हणजे चुगलखोर आहे."

"हो. आणि आता पाय हलवू नका, नाहीतर माझ्या डोक्याला लागेल."

पाय हलत होते खरे. डेट्रॉइटच्या माउंट नेबो चर्चमध्ये चाळीसेक वर्षं ऑर्गन वाजवलेल्या माणसाचे पाय गप्प बसत नाहीत. ऑर्गनला खाली पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात, आणि त्या इथे नाहीत हे लुशसच्या पायांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात बराचसा परत आला, पण एकट्याने राहणं संपलं. लेकीने त्याला गाडीत घातलं आणि फिनिक्सला आपल्या घरी आणलं. माउंट नेबोला तेव्हापासून ऑर्गन वाजवणारा मिळालेला नाही. ऑर्गनवर चादर घातलेली आहे, असं तिथून येणारा प्रत्येक जण त्याला न चुकता सांगतो.

आता चर्चचा वर्धापनदिन आला होता. वर्धापनदिनाला ओडेसा मिंटरने तिचं गाणं म्हटलंच पाहिजे, नाहीतर लोकांना वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. पास्टरने फोन केला, "ब्रदर फेअर्ली, तुम्ही तिकडून साथ वाजवून पाठवा. आम्ही स्पीकरवर लावू, सिस्टर ओडेसा त्यावर गाईल." लुशस म्हणाला, बघतो. फोन ठेवला आणि लगेच ट्वायलाच्या मागे लागला.

ओडेसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लुशसची बायको जाऊन त्याहून जास्त. दर रविवारी प्रार्थना संपली की ती त्याच्या हातात फॉइलने झाकलेलं ताट द्यायची. कधी तळलेला मासा, कधी पीचचा गोड पदार्थ. पुढच्या रविवारी तो ताट घासूनपुसून परत करायचा. याच्यापुढे गाडी कधी गेली नाही. सगळं चर्च वाट बघून थकलं. ऑर्गनवर बसला की वादळ उठवणारा हा माणूस बोलायची वेळ आली की शेपूट घालायचा. फिनिक्सला निघाला त्या दिवशीही त्याला विचारायचं होतं. त्याने ताट परत केलं आणि रस्त्यावर बर्फ फार असेल का, यावर बोलला.

"दाबा आता," ट्वायला म्हणाली.

त्याने पट्टी दाबली. ऑर्गनचा सूर आला, पण जरा मागून आला. बोट उठलं तरी सूर अजून येतोच आहे.

"हा माझ्या मागून चालतोय गं."

"कॉम्प्युटरला विचार करायला वेळ लागतो. थांबा, तो वेळ कमी करते." ट्वायला दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते, यंत्राला ती भीत नाही. तिने एक आकडा खाली आणला तर सूर तडतडायला लागला, तेलात पाणी पडल्यासारखा. जरासा वर नेला. लुशसने पुन्हा दाबलं. या वेळी बोट आणि सूर एकत्र पोचले.

त्याने डोळे मिटले. प्लास्टिकच्या पट्ट्या फारच हलक्या होत्या, पण सूर ओळखीचा होता. "आता बाहेर जा," तो लेकीला म्हणाला, "मला गाणारी बाई ऐकू यायला हवी."

खोलीत गाणारी बाई नव्हती. पण तो वाजवायला लागला आणि ती आली. ओळ कुठे लांबवते, कुठे मान वर करते, कुठे थांबून श्वास घेते, सगळं त्याच्या बोटांत होतं. ती श्वास घेई तिथे त्याची बोटं सूर सोडून थांबत आणि ती निघाली की निघत. चारही कडवी त्याने अशी वाजवली. उजव्या हाताने दोनदा दगा दिला, बाकी सांभाळून घेतलं. दोन वर्षांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

ट्वायलाने ते त्याच दिवशी पाठवून दिलं. दोन दिवसांनी दुपारी ओडेसाचा फोन आला.

"लुशस, हे कोणी वाजवलंय?"

"मीच की."

"खोटं बोलू नकोस, चर्चचा माणूस आहेस. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही घाई केली नाहीस. हा जो कोणी आहे तो बस सुटत असल्यासारखा पळतोय. दुसऱ्या ओळीलाच मी धापा टाकत होते."

वारं गेलेल्या हाताने वाजवताना आपल्याला भास झाला की काय, अशी शंका लुशसच्या मनाला चाटून गेली. त्याने ट्वायलाला हाक मारली आणि पडद्यावर दाखवायला सांगितलं. पडद्यावर रेघा आखलेल्या होत्या आणि प्रत्येक सुराची एक हिरवी फीत. सगळ्या फिती कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या रेघेला रेघ लावून होत्या.

"हे असं मी वाजवलं?"

ट्वायलाने केबलचं टोक उगाच बोटाभोवती गुंडाळलं. "डॅडी, मी थोडं नीट केलं. तुम्ही मध्येमध्ये अडखळत होतात. ओळ संपली की हात थांबायचा. मला वाटलं, हात अजून... सगळ्या चर्चसमोर लागणार ते. लोक हळहळले असते, ब्रदर फेअर्ली किती थकले म्हणून. म्हणून मधल्या रिकाम्या जागा कापल्या आणि सगळं रेघेवर ओढलं."

"त्या रिकाम्या जागा नव्हत्या," लुशस म्हणाला.

"मग काय होतं?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "ओडेसा तिथे श्वास घेते."

ट्वायला बापाकडे बघत राहिली. तिच्या मनात जे इतकी वर्षं नुसता संशय म्हणून होतं ते आता तिला हिरव्या फितींच्या मधोमध स्पष्ट दिसलं. "मूळचं ठेवलंय मी," एवढंच म्हणाली आणि ते पाठवून दिलं.

त्यानंतर ओडेसाचा फोन येईना. लुशसचा जीव टांगणीला लागला. ट्वायलाने त्याच्या आवडीचा कॉर्नब्रेड, मक्याचा पाव, केला, त्याने तोही अर्धाच खाल्ला. शेवटी शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"हा तूच आहेस," ओडेसा म्हणाली.

"मग झालं तर."

"नाही झालं. मी तीनदा गाऊन बघितलं, लुशस. तू जुन्या जागी थांबतोस. मला आता तिथपर्यंत पोचताच येत नाही. अर्ध्या ओळीतच श्वास संपतो. हिवाळ्यापासून फुप्फुसं कुरकुर करताहेत."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

हे फक्त फुप्फुसांबद्दल नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

"आता कुठे घेतेस श्वास, सांग," लुशस घाईने म्हणाला. "मी परत वाजवतो."

"ते काय सांगता येतं? लागला की घेते."

"मग गा. फोन टेबलावर ठेवतो. मी साथ धरतो."

तिने गायला सुरुवात केली, त्याने वाजवायला. पण तिचा सूर त्याच्यापर्यंत जरा उशिरा पोचत होता, त्याचा तिच्यापर्यंत आणखी उशिरा. ती मागे पडली म्हणून तो तिच्यासाठी थांबे, तो थांबला म्हणून ती त्याच्यासाठी थांबे. गाणं सावकाश होत होत दुसऱ्या ओळीत पार ठप्प झालं. दोघंही वाट बघत होते, दुसऱ्याने पुढे जावं म्हणून.

ओडेसा हसायला लागली. हसता हसता खोकली. "आपलं हे असंच," ती म्हणाली.

लुशसला हसू आलं नाही. या उशिराला इथला कोणताही आकडा खाली आणून उपयोग नव्हता.

"तू एकटीच गा," तो अखेर म्हणाला. "फोनमध्ये भरून पाठव. मी तुझ्या आवाजाखाली वाजवेन. तू थांबशील तिथे थांबेन."

दुसऱ्या दिवशी ते आलं. ट्वायलाने तिचा आवाज पडद्यावर वरच्या रांगेत ठेवला, खालची रांग त्याच्यासाठी मोकळी ठेवली आणि न सांगता खोलीबाहेर गेली. लुशसने आधी नुसतं ऐकलं. आवाज बारीक झाला होता. ओळ मध्येच तुटत होती, आणि तुटली तिथे तिचा श्वास ऐकू येत होता, खोल आणि खरखरीत. दोन वर्षांत घडलेलं सगळं त्या जागांमध्ये होतं आणि त्यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने पुन्हा ऐकलं, मग पुन्हा, एकेक जागा पाठ होईपर्यंत.

पाठ करताना त्याला कळलं की शेवटची ओळ संपल्यावरही तिने फोन बंद केलेला नाही. तिथे बराच वेळ काही नव्हतं. चर्चमध्ये गाणं संपलं की ती ऑर्गनकडे वळून मान हलवायची, आणि मग शेवट तो एकटा वाजवायचा. इथे मान दिसत नव्हती. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, दमलेला, अगदी जवळून.

"आता तू, लुशस."

त्याने हात पट्ट्यांवर ठेवले. खाली गालिच्यावर त्याचे पाय आपली जागा शोधत राहिले.