वाघाईपुढची आण

वलगावच्या खुशालरावाने सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. डोंगरावरच्या वाघाईदेवीपुढे आण घ्यायची तर उपाशी चढायचं, असा रिवाज होता. डोंगर काही फार अवघड नव्हता. दुपारपर्यंत माथा आणि दिवस बुडायच्या आत पायथा. गुराख्यांच्या बायासुद्धा चढत. तरी त्याचे पाय उचलत नव्हते.

भांडण एका धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं होतं. थोरला भाऊ रामराव वारल्यावर त्याचं शेत त्याची विधवा सुभद्रा गडी लावून वाहत होती. दोघांची शेतं लागून होती, काळी, कसदार. साता समुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपली अन् वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोक वितीवितीसाठी डोकी फोडू लागले. त्यातच पुढच्या साली सरकारी मोजणी येणार होती. मोजणीची साखळी पडेल तिथे हद्द कायमची. सुभद्रा माहेरी गेली असताना खुशालरावाने एका पहाटे हद्दीचा दगड उपटला आणि तिच्या शेतात बारा हात आत नेऊन पुरला.

ती परतली आणि म्हणाली, दगड हलला. तो म्हणाला, जागचा हलला नाही. पाहणारं कोणी नव्हतं. शेवटी देवीदास पाटलांनी तोड काढली. दोघांनी वाघाईच्या माथ्यावर बेल-भंडार उचलायचा आणि खुशालरावाने आपल्या एकुलत्या पोराच्या, गुणवंताच्या, डोक्याची आण घ्यायची.

पायथ्याशी गाड्या सोडून चौघं निघाले. पुढे कोरकू वाटाड्या, त्याच्यामागे पाटील, मग सुभद्रा, शेवटी खुशालराव. माघातलं ऊन होतं, पण झाडांखाली थंड काळोखी होती. दोघांच्या कवेत न मावणारे साग, पाठीला पोपडे धरलेले ऐन, आणि बुंध्याला ढोली पडलेले म्हातारे मोह. या झाडांना कधी कुऱ्हाड लागली नव्हती. वाळल्या पानांवर पाऊल पडलं की आवाज दूरवर जाई.

अर्ध्या चढावर एक वानर खकाटलं. मग दुसरं. वाटाड्याने हात वर केला आणि सगळे होते तिथे थिजले.

"वाघरू हाये," तो पुटपुटला. "हलू नका."

उजवीकडच्या नाल्यात बांबू करकरला. खुशालरावाच्या मनात एक लबाड आशा वळवळली, की आता पाटील मागे फिरतील. बऱ्याच वेळाने वानरं गप्प झाली.

पाटलांनी कपाळ पुसलं. "सुभद्राबाई, परत जाऊ का? पुन्हा कधी येऊ."

"तुमी जा, पाटील," ती म्हणाली. "मी नाही फिरत."

पुढे झाडी संपली आणि कातळाची अरुंद वाट लागली. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी. वाटाड्या आणि पाटील वळण घेऊन दिसेनासे झाले. तेवढ्यात सुभद्राच्या पायाखालचा मुरूम सरकला. ती कडेवरून खाली घसरली. खुशालरावाने झेप घालून तिचं मनगट धरलं. तिचे पाय अधांतरी लोंबत होते.

त्याने ओढायला पाहिजे होतं. पण एक श्वासभर तो तसाच राहिला. मनगट सुटलं तर आण घ्यावी लागणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. कोणी म्हणणार नाही की सोडलं. निसटलं म्हणतील.

खालून सुभद्रा त्याच्याकडे पाहत होती. तिने आरोळी मारली नाही.

त्याने दात खाऊन तिला वर ओढलं. दोघंही खडकाला पाठ लावून धापा टाकत बसले. तिचं कोपर सोलवटलं होतं. पदराने रक्त टिपत ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी थांबले कावून होते?"

वाघाची भीती केव्हाच गेली होती. आता खुशालरावाला स्वतःच्या हाताचीच भीती वाटत होती.

माथ्यावर देवीला छप्पर नव्हतं. शेंदूर फासलेली एक शिळा आणि भोवती वारा. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं. पाटलांनी शिळेपुढे बेल आणि भंडारा ठेवला. सुभद्राने आधी उचलला.

"दगड हलला हाये. खोटं बोलत असीन तर ह्या डोंगरावरून माह्यं पाऊल जितं उतरू नये."

"खुशालराव, या," पाटील म्हणाले.

तो पुढे झाला. भंडारा ओंजळीत घेतला. "माह्या गुणवंताच्या डोक्याची..." एवढं बोलला आणि सुभद्राने त्याच्या ओंजळीवर हात मारला. हळद वाऱ्यावर उडाली.

"पोराचं नाव नको!" ती ओरडली. "तुमची बायको कौशल्या बाळंतरोगानं पडली तवा चार महिने त्याले म्या सांभाळलं. घ्या तुमाले पाह्यजे ते शेत. त्याच्या डोक्याची आण नको घेऊ!"

चिडून ती त्याच्याशी एकेरीवर आली होती, हे तिच्याही ध्यानात नव्हतं. पाटील गोंधळले. "बाई, मग तुमचा दावा..."

"दगड म्या हलवला," खुशालराव म्हणाला.

वाऱ्यात ते नीट ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. "म्या हलवला, पाटील. बारा हात."

वाटाड्याने सूर्याकडे पाहिलं आणि उतरायची घाई केली. त्या कातळाच्या वाटेवर खुशालरावाने वहिनीला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. खडकाला धरून, बसत बसत ती एकटीच उतरली.

पायथ्याशी पोचल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. ती दोन पावलं मागे सरली.

"उद्या दगड ठेवा जागेवर, पाटलाच्या समोर," ती म्हणाली. "पोराले माह्या घरी येऊ द्या. तुमी येऊ नका."

ती पाटलांच्या गाडीत बसली. खुशालराव आपल्या गाडीत एकटा वलगावला आला. दुसऱ्या दिवशी गावादेखत त्याने दगड जुन्या खड्ड्यात पुरला. पुढे मोजणी आली, साखळी तिथेच पडली. गुणवंता रोज काकूकडे जेवून येई. खुशालराव मात्र तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला तो आठ वर्षांनी, त्याच पोराच्या लग्नाची अक्षत घेऊन. सुभद्राने दार उघडलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.