सागवानी पेटीतलं वायफाय

सासरे हाडाचे सुतार. इंटरनेटच्या डब्यावर धूळ बसते म्हणून त्यांनी आठ दिवस खपून त्याला सागवानी पेटी केली. कामात कसर ठेवायची नाही, म्हणून आतून पत्राही ठोकला. झालं! वायफायचा जीव त्या पत्र्यात घुसमटला.

सुनेला हे पहिल्याच दिवशी कळलं, पण एवढ्या हौसेने केलेल्या पेटीला नावं कोण ठेवणार? ती आणि तिच्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी, लग्न-नोकऱ्यांपायी चार गावांना पांगलेल्या. दर शनिवारी पाचला ऑनलाइन गेममध्ये एकत्र लढायच्या, तेवढीच काय ती भेट. आता लढाई रंगात आली की हिचं चित्र गोठायचं आणि टीम हरायची. त्यात स्पर्धा तोंडावर आली. शनिवारी दुपारी कॅप्टन मैत्रिणीने फोन करून स्पष्टच सांगितलं, "आजही अडकलीस तर तुझ्या जागी दुसरीला घ्यावं लागेल. राग मानू नकोस."

चारला सासरे पाणी प्यायला आले, तर ही स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी. त्यांनी खोदून विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. वर घाईघाईने म्हणाली, "पेटी छानच आहे हो बाबा. डब्यापासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत नुसती वायर ओढली तरी भागेल. खेळाला तशीही वायरच बरी."

"आणि महिनाभर मूग गिळून बसलीस? कमाल आहे तुझी."

ते भडकले होते, पण स्वतःवरच. चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानातून वायर आणली, आपल्याच पेटीला ड्रिलने भोक पाडलं आणि वायर दाराच्या फटीतून तिच्या खोलीत नेली. ती खिळ्यांनी भिंतीला बसवायला मात्र वेळ उरला नाही. पाच वाजले होते.

तासभर चित्र एकदाही अडलं नाही. शेवटी कॅप्टन म्हणाली, "पुढच्या शनिवारी वेळेवर ये." हिने हेडफोन काढला आणि दार उघडलं.

दाराबाहेर स्टूल टाकून सासरे बसले होते. जाता-येता कुणाचा पाय अडकून वायर निघू नये म्हणून, पूर्ण तासभर, चहासुद्धा न घेता. सासूबाईंनाही त्यांनी मागच्या दाराने फिरून जायला लावलं होतं.

या घरात आपलं माणूस आहे, हे तिला आज पक्कं कळलं.

"बाबा, राहिले मी टीममध्ये."

"मग आता उठू का?" ते म्हणाले. "पायाला मुंग्या आल्यात."